त्याच ओळीतली तारीख

पाच दिवसांच्या त्या कोर्सला मी आपणहून गेलो नव्हतो. ऑफिसला कुठल्याशा प्रमाणपत्रासाठी एक ‘प्रशिक्षित व्यक्ती’ दाखवायची होती आणि कॉम्प्युटर रूममध्ये व्यक्ती म्हणून आता मी एकटाच उरलो होतो. वीस वर्षं जे काम केलं ते कुणीतरी मला पडद्यावर चित्रं दाखवून शिकवणार, या विचारानेच माझं डोकं फिरलं होतं. सोमवारी सकाळी मी मुद्दाम मागच्या खुर्चीत जाऊन बसलो.

शिकवायला एक मॅडम होत्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आवाज खणखणीत, आणि चेहऱ्यावर तो भाव की तुम्हाला काय येतं ते मला ठाऊक आहे. त्यांनी आम्हा अकरा जणांना एकेक मशीन दिलं, त्यावर अगदी साध्या वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड दिला आणि म्हणाल्या, “जेवणाच्या सुट्टीपर्यंत या मशीनचे मालक होऊन दाखवा.”

मालक म्हणजे रूट. ज्यांनी कधी असं मशीन सांभाळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनवर शंभर वापरकर्ते असले तरी प्रत्येकाला आपापला कोपरा असतो. दुसऱ्याच्या कोपऱ्यात हात घातला की मशीन नाही म्हणतं. रूटला मात्र ते कधीच नाही म्हणत नाही. तो कुठलीही फाइल उघडतो, बदलतो, पुसतो. त्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याच्याकडे सगळं. निदान सोमवार सकाळपर्यंत माझी तरी तशी ठाम समजूत होती.

आणि या समजुतीवर मी एकदा सही केली होती.

आमचं ऑफिस म्हणजे पाणी तपासण्याची प्रयोगशाळा. शहरातल्या टाक्यांचे नमुने येतात, तंत्रज्ञ तपासतात, आकडे मशीनवर चढतात. प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई, यांनी निकालावर सही केली की ती फाइल बंद होते. त्यानंतर तिला फक्त रूट हात लावू शकतो. दोन वर्षांपूर्वी एका टाकीचा निकाल सही झाल्यावर बदलला गेला. ‘पिण्यास अयोग्य’चं ‘योग्य’ झालं. त्या टाकीचं पाणी प्यायलेल्या वस्तीतली ऐंशी माणसं दवाखान्यात पोचली, त्यात निम्मी पोरं. दोघं परत आली नाहीत. चौकशी बसली. मशीनच्या नोंदीत स्पष्ट होतं: बदल रूटने केला, दुपारी चार वाजून दहा मिनिटं दोन सेकंदांनी.

रूटचा पासवर्ड दोघांकडे होता. एक मी. मी त्या दुपारी दाढ काढायला गेलो होतो, तोंडात कापूस घेऊन दंतवैद्याच्या खुर्चीत होतो, त्याची पावती होती. दुसरे आमचे साहेब, कॉम्प्युटर रूमचे प्रमुख. ते त्या वेळी खोलीत एकटेच होते. हे साहेब म्हणजे माझे दाजी, माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान. मला या ऑफिसात त्यांनीच आणलं, कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची इथपासून त्यांनीच शिकवलं.

चौकशी समितीने दाजींना विचारलं, पासवर्डशिवाय ही फाइल बदलता येते का? दाजी म्हणाले, “शोधावं लागेल.” समितीला ते टाळाटाळीचं वाटलं. मग तोच प्रश्न मला विचारला. मी जीभ उचलून टाळ्याला लावली. म्हटलं, शक्यच नाही. त्यांनी ते लेखी मागितलं, मी लेखी दिलं. ‘रूटच्या पासवर्डाशिवाय सदर फाइलमध्ये बदल करणे अशक्य आहे.’ खाली सही, तारीख. कुणावर खापर फोडायचा माझा विचार नव्हता. मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आलो. दाजींना काढून टाकलं. टाकीच्या वस्तीतल्या बायका त्यांच्या दारावर येऊन थुंकून गेल्या. ताईने माझ्याशी बोलणं टाकलं.

आता दाजींचं अपील लागलं होतं. कोर्सनंतरच्या मंगळवारी. शेवटची संधी, त्यानंतर कुठे दाद मागायची सोय नव्हती. आणि त्यांच्याविरुद्ध कागद एकच होता, माझ्या सहीचा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरापैकी चार जण मालक झाले. मी नाही. मंगळवारी मॅडमनी आणखी तीन वाटा दाखवल्या. त्या म्हणायच्या, “कुलूप फोडायच्या भानगडीत पडू नका. रूट स्वतः रोज काय काय करतो ते बघा आणि त्याच्या हातात आपली चिठ्ठी सरकवता येते का ते बघा.” माझा तिरसटपणा हळूहळू उतरत होता. मजा यायला लागली होती, हे कबूल करतो. वीस वर्षं चौकीदारी केलेल्या माणसाला भिंतीवरून उडी मारायला मिळाली की जी मजा येते ती. मंगळवारी संध्याकाळी मी एक मशीन सर्वांत आधी घेतलं आणि शेजारच्या बँकवाल्याकडे बघून मिशीत हसलो.

बुधवारी सकाळी मॅडमनी पडद्यावर एक ओळ दाखवली. एक स्क्रिप्ट होती, म्हणजे मशीनने ओळीने करायच्या कामांची छोटी फाइल. ती रूट दर काही मिनिटांनी आपोआप चालवायचा. तिच्या डावीकडे परवानग्यांची अक्षरं होती आणि ती अक्षरं सांगत होती की या फाइलमध्ये कुणीही काहीही लिहू शकतो.

“म्हणजे काय झालं?” मॅडमनी विचारलं. “साधा वापरकर्ता यात आपली एक ओळ घालणार. रूट येणार, न वाचता सगळं चालवणार, ती ओळसुद्धा. पासवर्ड लागला? नाही. नोंदीत नाव कुणाचं येणार? रूटचं. असली परवानगी कोण देतो सांगा बघू?”

“आळशी माणूस,” बँकवाला म्हणाला. सगळे हसले. मीसुद्धा हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

कारण तसली एक स्क्रिप्ट आमच्या मशीनवर होती. ती मी लिहिली होती.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रयोगशाळेतले प्रिंटर सारखे अडायचे आणि एकतीस तंत्रज्ञांपैकी कुणी ना कुणी मला फोन करायचं. ऑफिसात माझं नावच ‘पासवर्डकाका’ पडलं होतं. काका, जरा येता का, काका, परत अडलंय. वैतागून मी अडलेली कामं साफ करणारी एक स्क्रिप्ट लिहिली. ती रूट चालवायचा, दर दहा मिनिटांनी. प्रिंटरांची नावं त्या स्क्रिप्टमध्येच होती. नवीन प्रिंटर आला की ते नाव घालायला पुन्हा काकाच. म्हणून मी परवानगी सगळ्यांना देऊन टाकली. घाला रे बाबांनो तुमची तुम्ही नावं आणि माझा पिच्छा सोडा. दाजींना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी करू दिलं नसतं.

दर दहा मिनिटांनी. चार, चार दहा, चार वीस. बदल चार दहा आणि दोन सेकंदांनी झाला होता. दोन वर्षं तो आकडा चौकशीच्या कागदांत उघडा पडलेला होता आणि घड्याळाच्या ठोक्यावर असा बदल कोण माणूस करतो, असं एकालाही वाटलं नाही. मला तर वाटायलाच हवं होतं. ते ठोके मीच लावले होते.

दिवसभर मी काय ऐकलं ते आठवत नाही. साडेपाचला कोर्स सुटला, पावणेसहाला मी ऑफिसात होतो. जिना दोन-दोन पायऱ्या चढलो. एका तंत्रज्ञाचं साधं खातं उघडलं आणि त्या फाइलची माहिती मागवली. एक ओळ आली. डावीकडे नऊ अक्षरं, सगळी उघडी. सहा वर्षं उघडी. मी त्या नऊ अक्षरांकडे बघत राहिलो.

मग मी काय केलं ते नीट सांगतो, कारण यापुढचं सगळं त्यावर आहे. त्या तीन दिवसांत जे शिकलो होतो ते करून बघितलं. साध्या खात्यातून स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली, घड्याळाकडे बघत बसलो. सहाच्या ठोक्याला ओळ चालली आणि बंद असलेल्या एका नकली, चाचणीपुरत्या निकालात मला हवा तो आकडा येऊन बसला. पासवर्ड नाही, काही नाही. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याबरोबर, खोटं कशाला बोलू, मला आनंदही झाला. जमलं होतं. दाजी निर्दोष आहेत हेही त्याच क्षणी मला कळलं आणि आता मी त्यांना सोडवणार, या कल्पनेने मी फुगलो.

मग मी घातलेली ओळ काढली, फाइल जतन केली, परवानगी बंद केली, तपासली, पुन्हा तपासली. आता तिला रूटशिवाय कुणी हात लावू शकत नव्हतं. चांगलं काम केल्यासारखा मी घरी गेलो. बायको म्हणाली, आज जेवण गोड लागतंय वाटतं. खरंच लागत होतं.

गुरुवारी मॅडमनी फळा पुसला. “तीन दिवस चोर झालात. आता दोन दिवस घर सांभाळायचं. भोक सापडलं की पहिलं काम काय?”

“बंद करायचं,” मी मागच्या खुर्चीतून मोठ्याने म्हणालो.

“नाही. दोन्ही हात खिशात.” मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांकडे. “आधी बघायचं. फाइलला हात लावायच्या आधी तिच्या तारखा उतरवून घ्यायच्या. शेवटचा बदल कधी झाला, परवानगी कधी बदलली. तुम्ही एक अक्षर घातलंत की जुनी तारीख गेली. परवानगी बदललीत की दुसरीही गेली. मग भोक होतं हे सांगाल, पण त्यातून कोण कधी आलं हे सांगायला तुमच्याकडे काही उरणार नाही.”

त्या ओळीत तारीख होती. नऊ अक्षरांच्या जरा उजवीकडे, फाइलच्या नावाच्या अलीकडे, नेहमीच्या जागी. शेवटचा बदल कधी झाला याची तारीख. आमच्याकडे दोन-अडीच वर्षांत नवा प्रिंटर आलेला नाही, खरेदीच बंद आहे, म्हणजे त्या स्क्रिप्टला हात लावायचं दुसरं काही कारण कुणाला नव्हतं. ज्याने कुणी आपली ओळ घालून नंतर काढली असेल, त्याने ती तारीख आपल्यामागे सोडली असणार. ती निकाल बदलला त्या दिवसाची असेल तर दाजी सुटले. ती माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर होती आणि मी ती वाचली नाही. संध्याकाळी ऑफिसात जाऊन बॅकअप बघितला. बॅकअप फक्त निकालांचा. स्क्रिप्टांचा कशाला घ्यायचा, असंही एकदा मीच म्हटलं होतं.

शुक्रवारी प्रमाणपत्र मिळालं. मी ते बॅगेत कोंबलं.

शनिवारी सकाळी ताईकडे गेलो. दोन वर्षांनी त्या दाराची बेल वाजवली. ताईने दार उघडलं, मला बघितलं, आणि दार तसंच उघडं ठेवून आत गेली. दाजी खिडकीपाशी एका फोटोकॉपीच्या यंत्राचा रोलर पुसत बसले होते. एका दुकानासाठी ते यंत्रं दुरुस्त करतात. बोटांना काळी शाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वाळले होते.

“बस,” ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. स्क्रिप्ट, परवानगी, दहा मिनिटं, दोन सेकंद. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. दाजींनी रोलर खाली ठेवला. चार दहाचं ऐकल्यावर ते हलकेच हसले, एखादं अडलेलं गणित सुटल्यावर हसावं तसं. मला वाटलं, आता ते रागावतील. पण त्यांनी चष्मा वर केला आणि एकच विचारलं.

“तारीख काय होती रे?”

मी खाली ठेवलेल्या रोलरकडे बघितलं. त्यांना कळायला तेवढं पुरलं. या कामात केस पिकलेत त्यांचे.

“करून बघितलंस,” ते म्हणाले.

“हो.”

“मग बंद केलंस.”

“हो.”

त्यांनी पुन्हा रोलर हातात घेतला. ताईला यातलं काही कळलं नव्हतं. तिने दाजींना विचारलं, “काय झालं? तारखेचं काय?” मी तिला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. सांगताना माझं मलाच ऐकवत नव्हतं. मग ती पुढे येऊन माझ्यासमोर बसली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“तू सांग ना मंगळवारी, की बघितली. त्याच दिवशीची होती म्हणून सांग. तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?”

“ताई, मी नाही बघितली.”

“ते कळलं मला. मी काय विचारतेय? असेल ना ती त्याच दिवशीची? असेल की नाही?”

“असेल. बहुतेक असणारच.”

“मग झालं तर. खरं तेच सांगायचंय तुला. तुला माहीत आहे हे यांनी केलेलं नाही. माझ्या पोरीला शाळेत टाकीवाल्याची मुलगी म्हणतात, ठाऊक आहे तुला? एक वाक्य बोलायचंय तुला. एक.”

मी बोलणार होतो. देवाशपथ, हो म्हणणार होतो. त्या क्षणी मी तिच्यासाठी कुठल्याही कागदावर सही केली असती.

“नको,” दाजी म्हणाले. मान वर न करता. “एकदा त्याने न बघता लिहून दिलंय. तेवढं पुरे झालं.”

ताई उठून आत गेली. आतून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. दाजींनी मला दारापर्यंत सोडलं, शाईचा हात अंगापासून लांब धरून. “चार दहाचं मात्र सांग,” ते म्हणाले. “ते आपल्याकडे आहे.”

मंगळवारी समितीसमोर मी सगळं सांगितलं. माझा जुना जबाब चुकीचा होता हे सांगितलं. परवानगी मी दिली होती हेही. हवं तर प्रात्यक्षिक करून दाखवतो म्हणालो. अध्यक्ष शांत गृहस्थ होते, ओरडले-बिरडले नाहीत. भोक त्या दिवशी होतं याला पुरावा काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सहा वर्षांपासून आहे. कागद? नाही. त्यातून कुणी गेलं याला पुरावा? चार वाजून दहा मिनिटं दोन सेकंद, मी म्हटलं. ते म्हणाले, तुमचे मेहुणेसुद्धा चार दहाला बदल करू शकले असते, घड्याळ त्यांच्याकडेही होतं. बाकीचे दोन सदस्य हसले नाहीत, पण हसायच्या बेतात होते.

“आणि तुम्ही अर्जदारांचे नातेवाईक,” अध्यक्ष म्हणाले. “गेल्या आठवड्यात फाइल तुम्हीच हाताळलीत. त्याआधी तिच्यावर कुठली तारीख होती, सांगू शकाल?”

ताई मागच्या बाकावर होती. तिची नजर माझ्या पाठीत रुतलेली मला कळत होती. दाजी समोर बघत होते.

“नाही,” मी म्हटलं. “मी बघितली नाही.”

लिहून घेणाऱ्याने ते लिहून घेतलं.

बाहेर पडताना दाजींनी मला विचारलं, प्रिंटरांची नावं आता वेगळ्या फाइलमध्ये काढलीस का, की नुसतीच परवानगी काढून घेतलीस? नुसतीच काढून घेतली होती. मग उद्या नवीन प्रिंटर आला की पुन्हा तुलाच बोलावतील आणि वैतागून तू पुन्हा उघडशील, ते म्हणाले. नावं वेगळी काढ, रूटला फक्त ती वाचू दे, चालवू देऊ नकोस. त्या ऑफिसात त्यांना पाऊल टाकायची बंदी आहे आणि ते जिन्यात उभे राहून मला तिथलं मशीन कसं सांभाळायचं ते सांगत होते. मी मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं तसं केलं.

ऑफिसात आता तंत्रज्ञ समोरून आले की मी चेहरे बघतो. एकतीस होते, त्यातले चार जण नोकरी सोडून गेले. प्रत्येकजण मला पूर्वीसारखाच काका म्हणतो, प्रत्येकजण पूर्वीसारखाच हसतो. त्यांच्यातल्या कुणीतरी एकाने माझ्या दारातून जाऊन ते केलं आणि तो माझ्याकडे बघून रोज मान हलवत असेल.

निकाल तीन आठवड्यांनी आला. दोन पानांचा. त्याची एक प्रत मला पोचली, एक दाजींना. मी वाचून कपाटात ठेवली. संध्याकाळी फोन वाजला, ताईचं नाव दिसलं. दोन वर्षांनी. मी घाईघाईने उचलला.

तिने ना माझी चौकशी केली, ना मुलांची. तिच्या हातात तो कागद होता आणि ती त्यातला चौथा परिच्छेद वाचत होती, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. “सदर कर्मचाऱ्याने संगणक प्रणालीतील त्रुटी स्वतःहून शोधून तत्परतेने दूर केली. त्यांच्या या दक्षतेची समिती प्रशंसापूर्वक नोंद घेत आहे.” तिने तो एकदा वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. पाचवा परिच्छेद, ज्यात दाजींचं अपील फेटाळलं होतं, तो तिने वाचला नाही.

“ऐकलंस?” ती म्हणाली.

मी हो म्हणालो आणि तिने फोन ठेवला.